अगोंद्याची झोपडी की देवबागची खोली? दोघांनीच जायचं असेल तर

नागपूरहून नवरा-बायकोनेच समुद्रावर जायचं ठरलं की पहिलं नाव गोव्याचं निघतं. त्यातही बागा-कळंगुटची गर्दी नको, हॉटेलची एसी खोली नको, वाळूतच उभी असलेली लाकडी झोपडी हवी, असं म्हणणारे दक्षिणेला काणकोणकडे वळतात. म्हणजे पालोलेम किंवा अगोंदा. दुसरा पर्याय आपल्याच राज्यातला, मालवणजवळचा तारकर्ली-देवबाग पट्टा. तिथे माडांच्या वाडीत घरमालकाने बांधलेल्या दोन-चार सुट्या खोल्या मिळतात. आम्ही दोन्हीकडे राहून आलो आहोत आणि दोन्ही जागा मनापासून आवडल्या आहेत. तरी कोणी विचारलं तर माझं उत्तर आता एकाच बाजूला झुकतं.

आधी प्रवासाचं. नागपूर-मडगाव विशेष गाडी चालू असेल तर ती भुसावळ, नाशिक, पनवेल करत कोकण रेल्वेला लागते. कुडाळला उतरलात की देवबाग, मडगावला उतरलात की पुढे काणकोण. एक अख्खा दिवस आणि वर काही तास गाडीत जातात, त्यामुळे चार दिवसांची सुट्टी असेल तर मी तरी विमानच बघेन. पण विमानाचं तिकीट काढताना गोव्याचा कुठला विमानतळ, ते नीट पाहा. दाबोळीला उतरणार असाल तर काणकोण सोयीचं. मोपाला उतरणार असाल, तर मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला आहे आणि काणकोण दक्षिण टोकाला. तिथून मालवण जवळ पडतं. टॅक्सीचे पैसे मोजताना हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता अगोंदा. किनारा लांब, रुंद आणि मोकळा. ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालायला येतात. त्यामुळे किनाऱ्याचा काही भाग वनखात्याने राखून ठेवलेला असतो आणि हंगामात रात्री समुद्राच्या बाजूचे दिवे मंद ठेवतात. त्या अंधारात चांदण्या इतक्या दिसतात की आम्ही रोज जेवण झाल्यावर तासभर नुसते बाहेर बसायचो. पोहायचं असेल तर मात्र अगोंद्यापेक्षा पालोलेम बरं. तिथलं पाणी उथळ आणि शांत, अगोंद्याला ओढ जास्त लागते. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गोव्यात बायकोने काय घातलंय याकडे कोणी वळून बघत नाही. ती ज्या मोकळेपणाने तिथे पाण्यात उतरली, तो मोकळेपणा देवबागला शनिवार-रविवारच्या गर्दीत मिळाला नाही. ज्यांना हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे त्यांनी पुढचं वाचूनही गोव्यालाच जावं, माझी हरकत नाही.

माझं मत फिरलं ते भिंतीमुळे.

काणकोणच्या किनाऱ्यावरच्या बहुतेक झोपड्या हंगामी असतात. पाऊस संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उभ्या करायच्या आणि पुढचा पाऊस यायच्या आत सोडवून ठेवायच्या, अशी तिथली परवानगी असते. त्यामुळे विटा-सिमेंटचा प्रश्नच येत नाही. लाकडी खांब, वर झापांचं छप्पर, भिंतीला प्लायवूड आणि बाहेरून बांबूची चटई. दिसायला फार सुंदर. पण दोन झोपड्यांमध्ये जेमतेम माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट आणि मध्ये प्लायवूडचे ते दोन पातळ पत्रे. शेजारचा माणूस कूस बदलला की कळतं. आमच्या भिंतीत एका खिळ्याजवळ बोटभर फट होती, त्यातून शेजारच्या मोबाईलचा उजेड आमच्या मच्छरदाणीवर पडायचा.

आम्ही नागपुरात महाल भागात राहतो, एकत्र कुटुंब. घर भरलेलं आहे आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे, पण दोघांना निवांत बोलायचं म्हणजे एकतर गच्चीवर जायचं नाहीतर फुटाळा तलावावर चक्कर मारायची. आमच्यासारख्या जोडप्यांना समुद्र तर हवाच असतो, पण त्याहून जास्त हवी असते कोणी ऐकत नाही अशी खोली. त्या सुमारास बायकोला पुण्यात चांगली नोकरी मिळत होती. घ्यायची की नाही, घरी कसं सांगायचं, आईचं काय, हे सगळं बोलायचं आम्ही मुद्दाम या सहलीवर ठेवलं होतं. रात्री ती बोलायला लागली आणि ऐन मनातलं सांगताना पलीकडे कोणीतरी खाकरलं. तो माणूस ऐकत नसेलही. पण ती गप्प झाली. मग अकरा वाजता चपला घालून आम्ही वाळूत जाऊन बसलो. पुढच्या रात्रीही तेच. भाडं खोलीचं भरलं आणि बोलणं सगळं बाहेर झालं.

देवबागला गेलो तेव्हा फोनवर मी पहिला प्रश्न तोच विचारला, भिंत कशाची आहे? चिऱ्याची, म्हणाले. जांभ्या दगडाचा चिरा चांगला वीतभर जाड असतो, आवाज अडवतो आणि दुपारी खोली गारही ठेवतो. आपल्याकडच्या कूलरच्या दिवसांत तर त्या गारव्याची किंमत वेगळी सांगायला नको. फक्त एक बघा. कौलारू घरात एकाच छपराखाली ओळीने खोल्या असतील तर मधली भिंत कधीकधी कौलांपर्यंत गेलेलीच नसते. वरून सगळं मोकळं, आणि आवाज तिथून आरामात पलीकडे जातो. म्हणून सुटी खोलीच मागा, चार भिंती स्वतःच्या असलेली.

देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. संध्याकाळी समुद्रावर लोक असतात तेव्हा नदीची बाजू रिकामी असते. धक्क्यावर पाय सोडून बसलं की समोरून होड्या परतताना दिसतात. जेवण घरचं. माझी बायको मासे खात नाही, तरी तिचे हाल झाले नाहीत. काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या, केळफुलाची भाजी, आणि त्या घरच्या काकू खोवणीवर नारळ खोवून समोरच काढून देत ती सोलकढी. सावजीची सवय असलेल्या जिभेला मालवणी रस्सा सौम्य वाटेल, पण दुसऱ्या दिवशी पोट कुरकुरत नाही. अगोंद्याला मासे छान मिळाले, बाकी मेन्यू मात्र परदेशी पाहुण्यांच्या हिशोबाने, चार ठिकाणी सारखाच.

देवबागच्याही अडचणी आहेत. समुद्र काही ठिकाणी जमीन खातो, म्हणून तिथे काळ्या दगडांचा बंधारा घातलेला आहे. खोली ‘समुद्राला लागून’ असं सांगितलं तर पुढे वाळू आहे की दगड, ते विचारा. दिवसा मोटारबोटींची घरघर असते. रात्रीचं जेवण सकाळीच सांगावं लागतं आणि नऊच्या आत आटपावं लागतं. उशिरा कॉफी-बिअर घेत बसायची सवय असेल तर चुकल्यासारखं वाटेल. शिवाय घरमालक चौकशी करतात, लग्नाला किती वर्षं झाली वगैरे. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, कोणाला वाटू शकतं. पण खोलीचं दार लावलं की आतलं आतच राहतं. पुण्याचं उरलेलं सगळं बोलणं आम्ही तिथे केलं, पंख्याखाली पडून, रात्री दोन वाजेपर्यंत.

पावसाळ्याचाही विचार करून ठेवा. जुलैत अगोंद्याच्या त्या झोपड्या उभ्याच नसतात. देवबागच्या खोल्या पक्क्या, त्यामुळे अनेक घरं तेव्हाही उघडी असतात. होड्या बंद, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला किनाऱ्यावरूनच बघायचा. पण दोघांना नुसतं पडवीत बसून पाऊस बघायचा असेल तर मला त्याहून चांगली वेळ सुचत नाही.

अगोंदाच नक्की केलं असेल तर ओळीतली शेवटची झोपडी मागा, म्हणजे शेजार एकाच बाजूला राहील. पुढच्या रांगेचे जास्तीचे पैसे देऊ नका, तिथे पडवीसमोरून दिवसभर येजा चालते. आणि देवबागला जाणार असाल तर सोमवार ते गुरुवार जा. नाताळ आणि ३१ डिसेंबरचा आठवडा टाळा, आणि फोन केलात की भाड्याच्या आधी भिंतीचं विचारा.