अदलाबदलीच्या सर्क्युलर सुयांचा संच: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

जानेवारीत मागवलेला हा संच. आता नवरात्र तोंडावर आलंय, म्हणजे नऊ महिने झाले. घेतल्या घेतल्या लिहायला बसले असते तर नुसतं कौतुकच लिहून झालं असतं. मध्ये एक उन्हाळा आणि मालवणचा अख्खा पावसाळा गेला. पाच विणकामं या सुयांवर चढली, तीन पुरी होऊन उतरली, एकातलं चौदा सेंटीमीटर उसवावं लागलं. आता मला या संचाबद्दल काहीतरी खात्रीने सांगता येईल.

आधी वस्तू काय आहे ते. नेहमीच्या सर्क्युलर सुईत दोन टोकं आणि मधली केबल एकसंध असते. यात टोकं वेगळी आणि केबल वेगळी, दोन्ही आट्यांनी जोडायची. माझ्या संचात ३.५ मिमीपासून ८ मिमीपर्यंत टोकांच्या आठ जोड्या, चार केबल (६० सेंमीची एक, ८० च्या दोन, १०० ची एक), केबलच्या टोकाला लावायची बुचं आणि आटे घट्ट करायला एक बारीक तारेची किल्ली आहे. टोकं धातूची आहेत. किंमत साडेचार हजारांच्या आसपास पडली. छंदापायी एवढे पैसे घालताना हात थरथरला, हे खरं.

पण घेण्यामागचं कारण किंमतीपेक्षा मोठं होतं. मी आईकडून विणायला शिकले. तिच्या सुया सरळ, ॲल्युमिनियमच्या, आणि प्रत्येक नंबराची एकच जोडी. आठ नंबरावर बाबांचा स्वेटर चढला की तो उतरेपर्यंत आठ नंबरचं दुसरं काही घालायची सोय नाही. फारच निकड असली तर टाके जुन्या दोऱ्यात ओवून ठेवायचे, नाहीतर सेफ्टी पिनांवर घ्यायचे. त्यामुळे ‘हातातलं एक संपल्याशिवाय दुसरं काढायचं नाही’ हा घरातला कायदाच झाला होता. आमच्या शेजारच्या काकी अजून माझ्या पिशवीत डोकावून म्हणतात, “आधी ह्या एक पुरा कर गो, मगे दुसऱ्याक हात लाव.” त्यांच्याकडेही जोडी एकेकच होती. इतकी वर्षं मी हा कायदा शिस्तीचा समजत होते. तो सुयांच्या टंचाईतून आलेला होता, हे मला या संचाने दाखवलं.

कारण यात काम थांबवायचं म्हणजे दोन्ही टोकं फिरवून काढायची आणि केबलला बुचं लावायची, बस्स. टाके केबलवर सुरक्षित राहतात. घडी करून पिशवीत टाकलं तरी एक टाका निसटत नाही. मोकळी झालेली ४ मिमीची टोकं दुसऱ्या केबलवर चढवून त्याच संध्याकाळी दुसरं काम सुरू करता येतं.

आणि माझ्या दिवसाला एकच काम पुरतही नाही. नोकरीला मी रोज एसटीने कुडाळला जाते. चौके, धामापूर, नेरूरपार असा रस्ता आहे. एका वेळेला तासभर मिळतो, पण धामापूरच्या वळणांवर टाके मोजायचं काम हातात असून उपयोगाचं नाही. तिथे बघावंही लागू नये असं सरळसोट सुलट विणकाम लागतं. सरळ सुया असत्या तर शेजारणीच्या बरगडीत कोपर आणि सुईचं टोक दोन्ही गेलं असतं. सर्क्युलर सुई मांडीवरच राहते, कामाचं ओझंही केबलवर मांडीत पडतं. रात्री जेवणं उरकल्यावर दिव्याखाली मात्र जाळीची वीण हवी, कारण तेव्हा डोकं शांत असतं. पावसात लाईट गेली की पुन्हा सुलट विणकाम. अंधारात बोटांना टाके कळतात. प्रत्येक कामाला त्याची वेळ आणि त्याची जागा असते. जाळीची शाल एसटीत काढली असती तर रोज घरी येऊन उसवावी लागली असती.

या नऊ महिन्यांतल्या पाच कामांपैकी सुती दुलई भाचीच्या बाळासाठी होती. ती जूनच्या आत हवी होती म्हणून एसटीत ती आणि फक्त तीच. आईची शाल घरी. बाजाराची जाळीची पिशवी मधूनमधून, हात थकले की. भावाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर, तो नाशिकला असतो, तिथे थंडी खरी पडते. आणि मुलीचा सुती टॉप, तो अजून अर्ध्यावर आहे.

आता शालीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण या संचाची खरी परीक्षा तिथे झाली. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, आमच्या मालवणसारखीच मासेमारीवर जगणारी. तिथली एक जुनी लाटांची वीण आहे. टाके अठराच्या पटीत आणि फक्त चार ओळी. पहिली सुलट, दुसरी उलट, चौथी सुलट. सगळी गंमत तिसरीत. दोन टाके एकत्र असं तीन वेळा, मग ‘सुईवर दोरा घ्या, एक सुलट’ असं सहा वेळा, मग पुन्हा दोन एकत्र तीन वेळा. सहाचे तीन झाले, सहाचे बारा झाले, पुन्हा सहाचे तीन. अठरा ते अठरा. टाके आवळले जातात तिथे वीण खाली ओढली जाते आणि छिद्रं पडतात तिथे वर फुगते, म्हणून काठ आपोआप लाटेसारखा होतो. शाल पसरल्यावर आई म्हणाली, ‘ही तर आपल्या दांडीवरची ओहोटी.’ दांडी म्हणजे आमचा मालवणचा किनारा.

अशा विणीत एक टाका निसटला तर खालच्या चार ओळी जातात. इथे किल्लीसाठी असलेलं बारीक भोक फार कामाला आलं. सुईच्या जोडाजवळच्या त्या भोकात शिवणाचा पक्का दोरा ओवला आणि एक ओळ विणली, की तो दोरा त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून आपोआप निघून जातो. दोरा सोडवून घ्यायचा, तो तिथेच राहू द्यायचा आणि पुढे विणत राहायचं. चूक झालीच तर उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं. मी दर आठव्या ओळीला दोरा घातला. दोनदा त्याने शाल वाचवली. दोरा घातलेली ओळ विणून झाल्यावर पुन्हा विणताना तो टाक्यासोबत विणला जाणार नाही एवढं मात्र बघावं लागतं.

आता उसवलेल्या स्वेटरचं. हे सविस्तर सांगते, कारण असा संच घेणारा प्रत्येक जण या चुकीच्या जवळून जाणार आहे.

स्वेटरची पाठ मी ४ मिमीवर घेतली होती, डीके (मध्यमपेक्षा जरा हलक्या) जाडीच्या लोकरीत, १०० टाके. १० सेंटीमीटरला २२ टाके बसत होते, म्हणजे रुंदी साडेपंचेचाळीस. मे महिन्यात दुलई आधी संपवायची म्हणून पाठीची टोकं काढली, बुचं लावली, काम बाजूला. श्रावणात पुन्हा काढलं आणि टोकं चढवली. टोकावरचा आकडा तोवर बोटांच्या घामाने पुसट झाला होता, मी अंदाजाने उचलली ती ३.५ ची निघाली. हाताला काहीच कळलं नाही. चौदा सेंटीमीटर विणल्यावर पाठ टेबलावर पसरली तेव्हा ती वर निमुळती होत गेलेली दिसली. मोजलं तर १० सेंटीमीटरला २४ टाके. १०० टाक्यांची रुंदी पावणेबेचाळीसच्या आत आली होती. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने दीड इंच गेला. सगळं उसवलं. उसवलेली लोकर मॅगीसारखी कुरळी होते. तिची लडी केली, कोमट पाण्यात बुडवली आणि खाली वजन लावून पडवीत टांगली. श्रावणाच्या हवेत वाळायला सहा दिवस लागले.

तेव्हापासून जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापून, भोक पाडून ठेवल्या आहेत. काम थांबवताना केबलवर पट्टी अडकवायची आणि त्यावर तीन गोष्टी लिहायच्या: टोकाचा आकार, कितवी ओळ झाली, तारीख. पत्रिकेचा कागद जाड असतो, दमट हवेत लगदा होत नाही. किती कामं एकदम चालवता येतील याचं उत्तर माझ्यापुरतं या पट्टीवर अवलंबून आहे. चार केबल चार कामांना पुरतात, माझं लक्ष तीनला पुरतं. चौथं काढलं की पहिल्याची वीण मी विसरते आणि पुन्हा बसवण्यात एक संध्याकाळ जाते.

ओळीच्या मध्येच थांबू नये, हेही शिकले. मध्ये थांबलं तर नंतर कुठल्या बाजूला जायचं होतं ते कळत नाही. (दोरा उजव्या सुईच्या टाक्यातून येत असला पाहिजे, नाहीतर तुम्ही उलटे निघाला आहात.) शिवाय महिना-दोन महिने थांबलेल्या जागी एक आडवी रेघ पडते. टोकं काढून टाके बारीक केबलवर ठेवले तर ती कमी पडते, आणि धुतल्यावर बहुतेक जाते. सुईवरच ठेवलेलं काम मात्र चांगलंच ताणलं जातं.

तक्रारी आहेत. एका केबलचा जोड जुलैत सुटला, धातूच्या बोंडातून केबलच निघून आली, ऐन विणताना. बेचाळीस टाके हवेत. विकणाऱ्याने केबल बदलून दिली, पण इथपर्यंत कुरियर यायला अकरा दिवस लागले. आटे मधूनमधून सैल होतात आणि त्या फटीत लोकर अडकते. रोज बसताना किल्लीने एकदा आवळून घेतलं तर हा त्रास नाही. पावसाळ्यात आट्यांवर हिरवट थर आला. खारी हवा पितळेला सोडत नाही. समयी-ताम्हणाला लावतो तशी सोलं (आमसुलं) लावायचा मोह झाला होता, पण वरचा मुलामा जाईल म्हणून जुन्या दातांच्या ब्रशने कोरडंच घासलं आणि संच तांदळाच्या पुरचुंडीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला. ऑगस्टपासून पुन्हा थर आला नाही. घामट हातांना धातूवर टाके जरा जास्तच घसरतात, सुती दोऱ्यात तितके नाही, पण ॲक्रिलिकमध्ये. लाकडी टोकं टाका धरून ठेवतात. नव्याने शिकणाऱ्यांनी लाकडीच घ्यावीत असं माझं मत आहे. एका कामात मात्र मध्येच धातूवरून लाकडावर जाऊ नका, ताण बदलतो.

सगळ्यात मोठी उणीव बाळाच्या कपड्यांची. आईच्या वहीत कुंचीचा काठ ‘१० नंबर’वर आहे. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, ८ नंबर म्हणजे ४. हा संच ३.५ पासून सुरू होतो, म्हणजे कुंची, मोजे, टोपडं यांना लागणारी बारीक टोकं यात नाहीतच. शिवाय टोपड्यासाठी ४० सेंमीची केबल घेतली तरी ही लांब टोकं तेवढ्याशा वर्तुळात वळत नाहीत, त्याला आखूड टोकं वेगळी घ्यावी लागतात. किंवा मग १०० च्या केबलचा फास मधून बाहेर ओढून अर्धे-अर्धे टाके विणायचे. मी कुंची शेवटी आईच्याच सुयांवर केली. कोकणात लोकरीचं विणकाम पावसाळ्यातल्या तान्ह्या बाळांसाठीच जास्त होतं, तेव्हा हे घेण्याआधी लक्षात घ्या.

अनेक कामं एकदम काढण्याची एक किंमत सुयांशी संबंधित नाही, तरी सांगायला हवी. काम लांबतं तेव्हा लोकर एकाच डाय लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, सगळी आधीच घेऊन ठेवावी लागते. मी स्वेटरला ५० ग्रॅमचे नऊच गुंडे घेतले होते. सप्टेंबरात दहावा आणायला गेले तेव्हा तो लॉट संपलेला. त्याच रंगाचा नवा गुंडा शेजारी ठेवला तर उन्हात फरक उघड दिसतो. आता मी प्रत्येक काम बाजूला ठेवताना उरलेली लोकर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते. एक बाही करून किती ग्रॅम गेले ते कळलं की दुसरीला पुरेल का हे आधीच समजतं.

आणि थांबलेलं काम म्हणजे साठवलेली लोकर. खऱ्या लोकरीला कसर लागते, ॲक्रिलिकला नाही. मी सुती पिशवीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवते आणि पावसात उघडीप मिळाली की तासभर बाहेर काढून, झटकून, हवा देते. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या कधीच ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी डांबरगोळ्यांच्या वाफेनेही फुटू शकतात.

हाच संच पुन्हा घेईन का? घेईन, पण सोबत ३.२५ ची सुटी सुई आणि बुचांच्या दोन जोड्या पहिल्याच दिवशी मागवेन, कारण चार केबलींना बुचं पुरत नाहीत. वर्षाला एक स्वेटर विणणाऱ्याला एवढा खर्च करायची गरज नाही, त्याला ४ मिमीची साधी सर्क्युलर सुई बस आहे.

भावाच्या स्वेटरची डावी बाही काल बंद केली. उजवीचे ४८ टाके घातले आहेत, काट्यावर उरलेली लोकर ६१ ग्रॅम आहे आणि डावीला ५७ लागली होती. दिवाळीला तो येतोय.