फेलिनी बघायचा तर आधी ‘ला स्त्रादा’ की ‘साडेआठ’?

भाचीला एकच रविवार मोकळा आहे, आणि इटालियन दिग्दर्शक फेदेरिको फेलिनीच्या या दोन सिनेमांत तिचं अडलंय.

वेळेचं म्हणाल तर ‘ला स्त्रादा’ (१९५४) पावणेदोन तासांचा, ‘साडेआठ’ (१९६३) सव्वादोन तासांचा. दोन्ही कृष्णधवल, दोन्हींना नीनो रोताचं संगीत.

गोष्ट ‘ला स्त्रादा’त सरळ आहे. छाती फुगवून साखळी तोडणारा झाम्पानो आणि त्याच्यासोबत गावोगाव फिरणारी जेल्सोमिना. ही जूलिएता मासिना, फेलिनीची पत्नी. तिचे डोळे आधी हसतात, मग विझतात. ते बघताना माझ्या घशात दरवेळी आवंढा येतो.

‘साडेआठ’चा नायक स्वतःच दिग्दर्शक, पुढचा सिनेमा न सुचलेला. सुरुवातीलाच तो कोंडीत अडकलेल्या गाडीत गुदमरतो, आकाशात तरंगतो आणि पायाला बांधलेल्या दोरीने खाली ओढला जातो. पुढे स्वप्न कुठलं, आठवण कुठली, हे आपणच ओळखायचं. एका बैठकीत तो मला उमगला नव्हता.

पहिल्यांदाच फेलिनी बघणाऱ्याने, म्हणजे भाचीनेही, ‘ला स्त्रादा’ लावावा. जो स्वतः काही लिहितो, रंगवतो आणि सध्या अडलाय, त्याने थेट ‘साडेआठ’ बघावा, आठवड्याने पुन्हा एकदा.