निन्टेन्डो स्विच २ गोव्यातल्या घरात: खेळ चोख, दुरुस्ती मात्र आपली आपण

चवथीला मूळ घरी माणसं जमली की टीव्ही एक आणि मुलं दहा असा हिशेब असतो. सोनीच्या प्लेस्टेशन ५ला (पीएस५) दुसरा कंट्रोलर वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि हातात दिलेल्या मोबाइलवर खेळतो एकटाच. निन्टेन्डोची आजही जी काही ताकद आहे ती नेमकी इथे. हातात धरूनही आणि टीव्हीला जोडूनही खेळता येणाऱ्या तिच्या स्विच या कन्सोलला डब्यातून काढल्यावरच दोन सुटे होणारे जॉय-कॉन असतात. आडवे धरले की ते दोन स्वतंत्र कंट्रोलर होतात, आणि मारिओ कार्टची शर्यत लगेच सुरू होते. जॉय-कॉनची आणखी एक जोडी आणली की चौघे बसतात. सेटिंगमध्ये स्मार्ट स्टिअरिंग चालू ठेवलं तर पाच वर्षांच्या पोराची गाडीही रस्त्याबाहेर जात नाही, त्यामुळे त्याला वाईट वाटू नये म्हणून कुणाला मुद्दाम हरावं लागत नाही.

कुटुंबासाठी कन्सोल बनवणारी ही कंपनी स्पर्धेत टिकेल का, ही चर्चा ५ जून २०२५ ला स्विच २ आल्यापासून पुन्हा रंगली आहे. क्योतोमध्ये १८८९ साली हानाफुदा हे जपानी खेळाचे पत्ते छापण्यापासून सुरुवात केलेल्या या कंपनीने चढउतार भरपूर पाहिलेत. तिचा वी हा कन्सोल दहा कोटींहून जास्त खपला. त्याच्यामागून आलेला वी यू जेमतेम १ कोटी ३५ लाखांवर थांबला. मग २०१७ मध्ये स्विच आला आणि १५ कोटींच्या पुढे गेला. ताकदीच्या शर्यतीत कंपनी कधीच पहिली नव्हती, आजही नाही. तिची खरी गाठ पीएस५शी नाही, मोबाइलवरच्या फुकट गेमशी आहे. तिथे तिचं उत्तर एकच: एका सोफ्यावर चौघे. ते उत्तर अजून खणखणीत आहे. गोव्यातली अडचण वेगळी आहे. इथे कंपनी अधिकृतपणे नाहीच.

म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. भारतात निन्टेन्डोचं अधिकृत सेवा केंद्र नाही आणि ई-शॉप या तिच्या ऑनलाइन दुकानात भारत हा देशच निवडता येत नाही. पणजी-मडगावच्या दुकानात दिसणारा डबा बाहेरून आणलेला असतो. त्यावरची वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. तो बिलावर लिहून घ्या, महिन्यांसकट.

बाजारात आला तेव्हा स्विच २ ची अमेरिकेतली किंमत ४४९.९९ डॉलर होती, म्हणजे तिथला कर न धरता चाळीस हजारांच्या आसपास. इथला विक्रेता त्यावर किती चढवतो ते ज्याचं त्याने ताडून पाहावं. पण कुणी फारच स्वस्तात देत असेल तर डबा उलटा करून बघा. जपानमध्ये स्विच २ दोन प्रकारचा विकला जातो. बाजारात आला तेव्हा ४९,९८० येनला असलेला फक्त जपानी भाषेत चालतो आणि जपानमध्ये नोंदवलेलं खातंच स्वीकारतो. तेव्हा ६९,९८० येनला असलेला बहुभाषी आहे. स्वस्तातला घेतला तर मेनू इंग्रजीत करता येत नाही आणि तुमचं अमेरिकन खातंही जोडता येत नाही. या फरकावर तोडगा नाही, तेव्हा पैसे देण्याआधी कन्सोल चालू करून भाषेची यादी पाहा. मराठी किंवा हिंदी त्या यादीत कुठल्याच मॉडेलवर नाही.

आखातातून कुणी काका-मामा येत असेल तर तिथला माल चालतो. त्या चार्जरला चौकोनी तीन पिना असतात, त्यामुळे अडॅप्टर लागेल. व्होल्टेजची काळजी नको, चार्जर १०० ते २४० व्होल्टचा आहे. दाबोळी किंवा मोपाला उतरण्याआधी सामानावरची त्या वेळची करमुक्त मर्यादा मात्र बघून ठेवायला सांगा.

डबा घरी आल्यावर पहिली चूक होते ती मोबाइलच्या दुकानात. टेम्पर्ड ग्लास लावायला नेलं की पोरगा सवयीने नख घालून स्क्रीनवरची पातळ फिल्म काढायला बघतो. स्विच २ आणि जुन्या स्विचची ओलेड पडद्याची आवृत्ती या दोन्हींवर कारखान्यातूनच एक फिल्म चिकटवलेली असते. काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून ती आहे, आणि ती काढायची नसते. ग्लास तिच्यावरूनच लावायचा. दुकानात शिरताना हे आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.

मशीन म्हणून स्विच २ बद्दल तक्रारीला जागा थोडी आहे. ७.९ इंची १०८०पी स्क्रीन, डॉकमधून (टीव्हीला जोडायची बैठक) टीव्हीवर ४के, आत २५६ जीबी साठा. बॅटरी कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे दोन ते साडेसहा तास. जड गेम असेल तर दोन तासच धरा. जुन्या स्विचचे बहुतेक सगळे गेम चालतात. गोम आहे ती साठवणुकीत. यात फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्ड चालतं. जुन्या स्विचमधलं साधं मायक्रोएसडी घातलं तर त्यावरचे फोटो-व्हिडिओ तेवढे उतरवून घेता येतात, गेम ठेवता येत नाही. दुकानदार ‘दोन्ही एकच’ म्हणाला तरी कार्डावर एक्स्प्रेस शब्दाची ईएक्स ही खूण शोधा.

दुसरी गोम गेम-की कार्डांची. कार्ट्रिज, म्हणजे गेमचं छोटं कार्ड किंवा नुसतं ‘कार्ट’, विकत घेतली म्हणजे गेम हातात आला अशी आपली समजूत असते. या कार्डांत गेम नसतो, फक्त किल्ली असते. आत घातलं की संपूर्ण गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो, आणि नंतर खेळतानाही कार्ड आत असावंच लागतं. डब्याच्या पुढच्या बाजूला खाली किल्लीचं चित्र आणि सूचना असते. सत्तरी किंवा काणकोणात ज्यांच्याकडे नेट पावसाच्या लहरीवर चालतं त्यांनी ते चित्र दिसलं की डबा परत ठेवावा. सगळ्याच मोठ्या गेमचं असं नाही. सायबरपंक २०७७ हा ६४ जीबीच्या कार्टवर पूर्ण येतो (तो मोठ्यांचा गेम, कुटुंबासाठी नाही). निन्टेन्डोचे स्वतःचे गेमही सहसा पूर्ण कार्टवर असतात. लहान मूल कार्ट तोंडात घालेल अशी भीती असेल तर कंपनीने तिच्यावर कडू लेप दिलेला आहे. एकदा चाटलं की मूल पुन्हा त्या वाटेला जात नाही.

कार्टला इथल्या ग्राहकाच्या दृष्टीने आणखी एक अर्थ आहे. मारिओ कार्ट वर्ल्ड ८० डॉलरला आला. निन्टेन्डोचे गेम वर्षानुवर्षं फारसे उतरत नाहीत, म्हणून वापरलेली कार्टही चांगल्या भावाने परत विकली जाते. डिजिटल घेतलात तर ते पैसे अडकले. शिवाय ई-शॉपवर भारतीय कार्ड बरेचदा नाकारलं जातं, मग गिफ्ट कोड घ्यावे लागतात. कोड ज्या देशाचा, खातंही त्याच देशाचं हवं. खात्याचा देश नंतर बदलता येतो, पण वॉलेटमध्ये शिल्लक असेल तर नाही.

आता ज्याची सगळ्यांत जास्त बोंब होते तो ड्रिफ्ट. कुणी हात न लावता पडद्यावरचं पात्र आपोआप एका बाजूला चालायला लागतं. कारण साधं आहे. जॉय-कॉनवर अंगठ्याने हलवायची जी स्टिक असते तिच्याखाली कार्बनच्या पट्टीवरून धातूचा बारीक संपर्क घासत असतो. पट्टी झिजते, तिची भुकटी तिथेच साचते, आणि मधल्या जागीही चुकीचा आकडा जायला लागतो. आपल्याकडची दमट हवा आणि घामट हात यात भर घालतात. जॉय-कॉन २ ची स्टिक मोठी आहे, हाताला मऊ लागते, पण तत्त्व तेच जुनं. चुंबकावर चालणारी हॉल इफेक्ट स्टिक कंपनीने याही वेळी दिलेली नाही. आमच्या मते या मशीनमधली सर्वांत न पटणारी गोष्ट हीच.

जुन्या जॉय-कॉनची स्टिक घरी बदलता येते, तासाभराचं काम आहे. आधी सेटिंगमध्ये कंट्रोलरच्या विभागात जाऊन कॅलिब्रेशन करून बघा, म्हणजे स्टिकची मधली जागा मशीनला पुन्हा शिकवा. फरक पडला नाही तर स्टिकच्या बुंध्याचं रबर टोकाने उचलून ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडा, स्टिक गोल फिरवा, पूर्ण वाळू द्या. याने काही आठवडे निभतं, कायमचं नाही. मग उघडायचं. मागचे चार स्क्रू तीन पात्यांचे असतात, वाय००. साध्या फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरने ते गोल होतात आणि मग निघतच नाहीत. मागचं झाकण झटक्यात ओढू नका. आत रेलकडे (कन्सोलला जोडणारी कडेची पट्टी) जाणारी रिबन केबल असते, म्हणून पुस्तक उघडल्यासारखं उघडा. बॅटरी दुहेरी टेपने चिकटलेली असते, ती प्लॅस्टिकच्या पातीने उचला. तिच्याखालची मधली चौकट तीन स्क्रूंवर आहे. ती बाजूला केली की स्टिकची रिबन दिसते. तिचं कुलूप म्हणजे नखाएवढी पट्टी. ती आधी उभी करायची आणि मगच चिमट्याने रिबन ओढायची. ही पट्टी तुटली की जॉय-कॉन गेला, बहुतेकांचा हात इथेच चुकतो. दोन स्क्रू काढून जुनी स्टिक बाहेर, नवी आत. नवी घेताना हॉल इफेक्टचीच घ्या. थोडी महाग पडते, पण त्यात घासणारं काही नाही. बंद केल्यावर पुन्हा कॅलिब्रेशन करा, नाहीतर नवी स्टिकसुद्धा वाकडीच चालते.

स्विच २ च्या बाबतीत हा मार्ग अवघड आहे. यंत्रं उघडून दुरुस्तीची सोय तपासणाऱ्या आयफिक्सिटने तो उघडून दुरुस्तीसाठी १० पैकी ३ गुण दिले. बॅटरी घट्ट डिंकाने बसवलेली आणि यूएसबी-सी पोर्ट बोर्डावर सोल्डर केलेला. म्हणून पोर्टला जपा. जुन्या स्विचमध्ये स्वस्तातल्या बनावट डॉकमुळे एम९२टी३६ नावाची चार्जिंगची चिप जळण्याची प्रकरणं भरपूर झाली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात डॉक कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. लाईट वरचेवर जाते-येते तिथे डॉक स्पाइक गार्डवर लावा, आणि मेघगर्जना सुरू झाली की प्लगच काढा.

पावसाळ्याचं गणित तर आकड्यांतच आहे. जुन्या स्विचसाठी कंपनीने हवेतली आर्द्रता २० ते ८० टक्के अशी मर्यादा दिली आहे. जुलैत आपल्याकडे ती कित्येक दिवस ८० च्या वरच असते. कपाटात ठेवलेल्या चपलांवर बुरशी येते तिथे कार्टच्या सोनेरी पट्ट्यांची काय कथा. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा, आत रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे आणि छोटं आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा पन्नाशीच्या आसपास ठेवा. दाण्यांचा रंग उतरला की तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरा. कन्सोल गरम असताना लगेच डब्यात कोंबू नका. एसीच्या खोलीतून व्हरांड्यात आणलात तर पंधरा मिनिटं तरी बंद ठेवा, कारण आत दव धरतं. मुलांच्या परीक्षांसाठी कन्सोल कपाटात गेला तरी निदान सहा महिन्यांतून एकदा चार्ज करायचा. बॅटरी पूर्ण उतरून तशीच पडली तर पुढे चार्जच घेईनाशी होते.

गेम कुठला घ्यावा याबाबत थोडक्यात. मारिओ कार्ट तर आहेच. आजी-आजोबांना ओढायचं असेल तर क्लबहाउस गेम्समधल्या ५१ खेळांत कॅरम आणि लुडो दोन्ही आहेत, आणि गंमत म्हणजे जिथून कंपनी सुरू झाली ते हानाफुदाही. बेटावर गाव वसवायचा अ‍ॅनिमल क्रॉसिंग घेताना सावध राहा: एका कन्सोलवर एकच बेट मिळतं. आधी ज्याने सुरू केलं तो बेटाचा मुखत्यार, बाकीची भावंडं त्याच्या मर्जीवर. शिवाय तो गेम सगळा वाचायचा आहे, इंग्रजी न वाचणाऱ्या मुलाला त्यात रस राहत नाही.

जुना स्विच सेकंडहँड घेत असाल तर मागचा मॉडेल क्रमांक वाचा. एचएसी-००१ च्या पुढे कंसात -०१ असेल तर ती सुधारलेल्या बॅटरीची आवृत्ती, साडेचार ते नऊ तासांची. मग वाय-फाय जोडून समोरच ई-शॉप उघडायला लावा. २१२४-४००७ असा आकडा आला तर कंपनीने ते मशीन ऑनलाइन सेवेतून बाद केलेलं असतं, आणि बहुधा कुणीतरी त्यावर चोरीचे गेम चालवलेले असतात. विकणारा ‘नेट स्लो आहे’ म्हणेल. चहा न पिता निघा.

नवीन घेणाऱ्यांनी जुन्या स्विचचा सौदा करताना जॉय-कॉन मात्र देऊन टाकू नयेत. ते स्विच २ ला कडेला बसत नाहीत, पण वायरलेस जोडले जातात, म्हणजे तिसरा-चौथा खेळाडू फुकटात. आणि रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर या व्यायामाच्या गेमच्या चाकात जॉय-कॉन २ बसतच नाही, तिथे जुनाच लागतो.