शनिवारी आम्ही पोचायच्या आत काम झाकलेलं असायचं

पैठण तालुक्यात आमची शेती आहे आणि शेतात आजोबांनी बांधलेलं दोन खोल्यांचं घर. दिवाळीला, उन्हाळ्याच्या सुट्टीत काका-आत्यांची सगळी पोरं तिथंच जमतात. त्या घरापुढे वीस फूट बाय बारा फुटांचा लाकडी डेक करायचा, असं घरात ठरलं. खाली लोखंडी सांगाडा, वर सागवानी फळ्या. फळ्या ठोकणं, घासणं, तेल पाजणं हे आम्ही घरचेच शनिवार-रविवारी संभाजीनगरहून येऊन करणार होतो. खड्डे, काँक्रीट, वेल्डिंग आणि सामान आणणं एवढंच एका ठेकेदाराला दिलं होतं. त्याने आणि त्याने गाठ घालून दिलेल्या वखारवाल्याने मिळून आमचे पावणेदोन लाख घेतले. हाती आलं ते एका पावसाळ्यातच उखडून टाकायच्या लायकीचं.

तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून दोघांची नावं लिहीत नाही. पण फसवण्याची पद्धत सविस्तर लिहिते. ही पद्धत शनिवार-रविवारी शेतावर जाणाऱ्या माणसासाठीच बेतलेली आहे. ज्या गोष्टी नंतर दिसत नाहीत, त्या सगळ्या सोमवार ते शुक्रवार उरकायच्या आणि आपण पोचतो तेव्हा वरून सगळं गुळगुळीत असायचं.

सगळ्यात मोठी फसवणूक खड्ड्यांची. आमची जमीन काळी. ही माती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. तिच्यात उथळ रोवलेला खांब तिच्याबरोबर वर-खाली होतो. म्हणून पाया काळी माती ओलांडून खाली मुरमात टेकवावा लागतो. मुरूम किती खाली आहे ते आमच्या विहिरीच्या काठावर उभं राहिलं की दिसतं: वर साडेचार फूट काळी, मग वीतभर पांढुरकी चुनखडीची, मग मुरूम. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठेकेदाराला विहिरीवर नेऊन ते दाखवलं होतं. सहा फूट खोल खड्डे ठरले आणि खोदाईचा दर फुटावर ठरला.

बुधवारी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. चौकोनी खोल खड्डा, आत सोडलेली टेप, सहाच्या आकड्यावर बोट ठेवलेलं. शनिवारी आम्ही गेलो तर सगळे खड्डे भरलेले आणि वर काँक्रीटचे ठोकळे घोटून तयार. "अण्णा, आभाळ आलं होतं म्हणून भरून टाकले, पाणी साचलं असतं तर वांधे झाले असते," असं तो म्हणाला. दिवाळीनंतरचा अवकाळी पाऊस आपल्याकडे येतोच, त्यामुळे कारण पटण्यासारखं होतं. त्याच दिवशी खोदाईचे आणि सिमेंटच्या गोण्यांचे पैसे त्याने मागून नेले.

पुढच्या जूनमध्ये पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले आणि डेकचा पश्चिमेकडचा कोपरा दोन बोटं वर आला. मधला खांब जागेवरच राहिल्याने आडव्या पाइपाचं वेल्डिंग तडकलं. आम्ही बघत उभे होतो तेव्हा आमच्या सालगड्याची बायको म्हणाली, "ताई, खड्डे तर मांडीएवढेच खंदले होते. पोरं दुपारीच मोकळी झाली होती." आम्ही एका ठोकळ्याच्या कडेने उकरलं. दोन फुटांवर काँक्रीट संपलं आणि खाली काळीच माती होती.

मग तो जुना फोटो मोठा करून पाहिला. त्यातल्या खड्ड्याच्या कडा अगदी वरपासून तांबूस मुरमाच्या आहेत. आमच्या शेतात वरचे साडेचार फूट तांबूस असं काही नाहीच. म्हणजे तो खड्डाच दुसऱ्या कुणाच्या जागेतला! हे कळलं तेव्हा पैशांपेक्षा जास्त राग या गोष्टीचा आला, की हे सगळं आधीच ठरवून केलेलं होतं.

तुमचं काम चालू असेल तर साध्या फोटोवर विश्वास ठेवू नका. व्हिडिओ कॉल लावायला सांगा, त्यात आधी तुमचं घर दिसू द्या आणि फोन न थांबवता तसाच खड्ड्याच्या तळापर्यंत नेऊ द्या. तळाला कुदळ मारायला सांगितली तर मुरमाचा आवाजही ओळखू येतो. आणि शेतावर राहणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवा की खड्डा बुजवायच्या आधी आम्हाला फोन कर. ठेकेदाराशी वाकडं येऊ नये म्हणून ही माणसं आपण होऊन बोलत नाहीत. विचारलं तर मात्र खरं सांगतात.

आता लाकूड. वखारवाल्याने आम्हाला दाखवायला काढलेली फळी उत्तम होती: सोनेरी तपकिरी, हाताला किंचित तेलकट, रंधा मारल्यावर सागाचा तो कातड्यासारखा वास. आठवड्यात जो माल शेतावर उतरला तो मात्र गडद पॉलिश मारूनच आला. "ताई, तुमचा त्रास वाचवला," असं ठेकेदाराने सांगितलं. पॉलिश एवढं गडद होतं की फळीची नस दिसत नव्हती आणि वास फक्त थिनरचा येत होता.

उन्हाळा लागला तशा त्या फळ्या कौलासारख्या वाकल्या आणि टोकांना चिरल्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो आणि हवा कोरडी ठाक. ओलं लाकूड त्यात टिकणारच नाही. पावसाळ्यात फळ्यांखाली पिवळसर पिठासारखी भुकटी पडायला लागली. बिडकीनच्या एका जुन्या सुताराला बोलावलं. त्याने एका फळीचा कोपरा रंध्याने साफ केला आणि पॉलिशखालून जवळजवळ पांढरं लाकूड निघालं. त्याचं म्हणणं असं, की हा साग आहे, खोटा नाही, पण कोवळ्या झाडाचा आहे आणि अर्ध्याअधिक फळ्या बाहेरच्या पांढऱ्या भागातल्या आहेत. सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो. सालीलगतचा पांढरा भाग कोणत्याही सागाचा असला तरी त्याला भुंगा आणि वाळवी लागते. वखारवाला याच गोष्टीच्या आड लपला. "सागच दिलाय ना? कुठंही दाखवा," असं तो छातीठोकपणे सांगत होता.

मापातही मारलंच. फळीचं घनफूट काढायचा हिशेब सोपा आहे: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून 144 ने भागायचं. दहा फूट लांब, चार इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे 0.42 घनफूट. आम्हाला पैसे लावले ते या मापाने. प्रत्यक्ष फळी भरली साडेतीन इंच बाय सव्वा इंच, म्हणजे 0.30 घनफूट. प्रत्येक फळीत चौथ्या हिश्श्याहून जास्त लाकूड आलंच नव्हतं. रंध्यात थोडं जातं हे मान्य आहे, पण एवढं जात नाही. दर ठरवताना तो रंधा मारलेल्या मापाचा की बिनरंध्याच्या, हे कागदावर लिहून घ्यावं. फळ्या बिनपॉलिशच्याच उतरवून घ्याव्यात, आणि गाडी उभी असतानाच चार-दोन फळ्यांचे कोपरे रंधून बघावेत. ओलावा मोजायचं छोटं यंत्र चांगल्या सुताराकडे असतं. बारा टक्क्यांच्या आसपास असलेलं लाकूड वाळलेलं समजतात. आमचं लाकूड उतरलं त्या दिवशी आम्ही शहरात कामावर होतो, आणि गाडी बरोबर त्याच दिवशी बोलावलेली होती.

पाइपाचं कळलं ते खांब कापल्यावर. दोन इंची चौकोनी पाइप, भिंत दोन मिलिमीटर, असं ठरलं होतं. खांबांच्या वरच्या तोंडांना त्याने पत्र्याची टोपणं वेल्ड करून टाकली होती, त्यामुळे जाडी बघायला उघडी कड कुठेच नव्हती. कापलेला तुकडा फॅब्रिकेशनवाल्याने मापला तर 1.6 मिलिमीटर भरला. वरून दोन्ही सारखेच दिसतात, वजन मात्र खोटं बोलत नाही. दोन मिलिमीटरच्या सहा मीटर पाइपाचं वजन 18 किलोच्या जवळपास येतं, 1.6 च्या पाइपाचं साडेचौदाच्या. पाइप वजनावर घ्या आणि काट्याची चिठ्ठी मागा.

स्क्रूंच्या वेळी त्याने लोहचुंबक लावून दाखवलं होतं. चिकटलं नाही म्हणून "304 स्टेनलेस आहे, गंजणार नाही" असं सांगितलं. खरं म्हणजे स्वस्तातल्या 202 च्या स्टेनलेसलाही चुंबक सहसा धरत नाही, त्यामुळे या परीक्षेने काहीच सिद्ध होत नाही. 202 लवकर गंजतं आणि आमच्या स्क्रूंभोवती पहिल्याच पावसाळ्यात तांबडे डाग आले. 304 आणि 202 मधला फरक दाखवणारं थेंबाचं औषध स्टेनलेसच्या मोठ्या दुकानांत असतं. थेंब टाकून दाखवा म्हणावं.

पैसे तो नेहमी बाजाराच्या आदल्या दिवशी मागायचा, मजुरांना उचल द्यायचीय म्हणून. मजुरांचं नाव निघालं की अण्णा नाही म्हणत नाहीत, हे त्याने पहिल्या आठवड्यातच हेरलं होतं. त्यातली किती उचल मजुरांपर्यंत पोचली देव जाणे, कारण त्यातले दोघे नंतर आमच्याकडेच राहिलेली मजुरी विचारायला आले. वखारीकडून मिळाला तो "एस्टिमेट" लिहिलेला कागद, त्यावर जीएसटी क्रमांक नाही. पक्क्या बिलावर पंधरा अक्षरांचा क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा 27 ने सुरू होतो आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

पक्कं बिल नसलं तरी तक्रार करता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आम्ही यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, तो खड्ड्याचा फोटो आणि उकरलेल्या ठोकळ्याचं टेप लावलेलं चित्रीकरण जोडलं. सुताराचं आणि फॅब्रिकेशनवाल्याचं म्हणणं लेखी सहीने घेतलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून "बघू, करून देतो" या आश्वासनांवर महिने घालवू नका. आधी विचारायचं असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आणि तुटलेलं काम पुरावे काढून होईपर्यंत हलवू नका. ठेकेदाराचा माणूस दोनदा "दुरुस्त करून देतो" म्हणून ठोकळे उपटायला आला होता, अण्णांनी त्याला हात लावू दिला नाही.

तोच ठेकेदार सध्या पैठण रोडवर दुसऱ्या एका फार्महाऊसचं काम करतोय, असं आमच्या सालगड्याने सांगितलं. मालक पुण्याला असतात म्हणे. त्यांचा नंबर आम्ही शोधतोय. तुमचं त्या बाजूला काम चालू असेल आणि खड्डे अजून उघडे असतील तर शनिवारची वाट बघू नका, उद्याच्या उद्या कुणाला तरी टेप घेऊन पाठवा.