साधा ईसीजी की होल्टर? आधी धडधड किती वेळा होते ते मोजा

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या काकूंना एक-दोन दिवसाआड छातीत फडफडायचं. धंतोलीतल्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी, म्हणजे हृदयातल्या विजेची नोंद, काढला, पट्टी नॉर्मल आली. "पट्टी चांगली आहे म्हणतात, मग मला होते ते काय, बाप्पा?" काकूंचा हा प्रश्न अगदी रास्त होता. तुम्हीही इथेच अडकला असाल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

आधी ईसीजी नेमकं काय टिपतो ते बघू. हृदयाची स्नायूपेशी विसाव्यात असते तेव्हा तिच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा साधारण ९० मिलिव्होल्टने कमी असतो. इशारा आला की सोडियम आत घुसतो आणि दाब उलटतो. मागून कॅल्शियम येतो, पेशी आकसते. मग पोटॅशियम बाहेर पडून सगळं पूर्ववत होतं. एका पेशीचा हा फेरा साधारण पाव ते तीन दशांश सेकंदात आटपतो. अशा असंख्य पेशींची बेरीज कातडीवर उमटते आणि ईसीजी ती टिपतो.

साधा ईसीजी दहा इलेक्ट्रोड (कातडीला लावायचे, वीज टिपणारे तुकडे) लावून हृदयाकडे बारा बाजूंनी बघतो, पण जेमतेम दहा सेकंद. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला लाखभर होतात, आणि पट्टीवर येतात दहा-बारा. तरी तो टाळू नका. हार्ट अटॅकच्या खुणा, विद्युतमार्गातला अडथळा, विजेची जन्मजात जादा वाट यांपैकी बरंच काही धडधड नसतानाही त्यात दिसू शकतं. स्वस्त आहे, पाच मिनिटांत होतो, म्हणून पहिला मान त्याचाच.

होल्टर म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजी यंत्र. त्यात बाजू कमी, वेळ भरपूर: २४ किंवा ४८ तास. छातीला तारा आणि कमरेला डबी लावून घरी जायचं. रोज किंवा दिवसाआड त्रास होत असेल तर माझं मत ठामपणे होल्टरला. मात्र नागपूरचा मे महिना लक्षात घ्या. ४५ अंशांत घामाने इलेक्ट्रोड सुटतात, नोंद खराब होते आणि त्या दिवसांत बहुधा आंघोळही करता येत नाही. जमेल तर तारीख थंडीतली घ्या. पण डॉक्टर "आत्ताच" म्हणाले तर उन्हाळ्याचं कारण सांगू नका. आणि मशीन लावलंय म्हणून पलंगावर पडून राहू नका. जिना चढा, बाजारात जा, रोजचं सगळं करा, नाहीतर त्रासाला यायला निमित्तच मिळणार नाही.

महिन्यातून एखाद्या वेळीच होत असेल तर होल्टरवर पैसे घालवण्याआधी थांबा. आठवडा-दोन आठवडे छातीला चिकटून ठोके नोंदवणाऱ्या पॅचबद्दल डॉक्टरांना विचारा. क्वचितच, पण चक्कर येऊन पडण्याइतकं होत असेल, तर कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डर काही वर्षं पहारा देतो.

मनगटावरचं घड्याळ? त्याचा हिरवा दिवा रक्ताची लाट मोजतो, वीज नाही. ईसीजीची सोय असलेल्या घड्याळावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं की तीस सेकंदांची एकाच बाजूची नोंद मिळते. ऐन धडधडीत ती घेता आली तर डॉक्टरांना नक्की दाखवा. पण हार्ट अटॅक नाही, हे त्यावरून ठरवू नका.

छातीत दुखतंय, दरदरून घाम फुटलाय, दम लागलाय किंवा शुद्ध हरपली, तर या तुलनेत वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन करा. नागपुरात असाल तर मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं, जे जवळ असेल तिथली कॅज्युअल्टी गाठा.

काकूंनी ४८ तासांचा होल्टर लावला आणि सोबत एक वही ठेवली. "दुपारी ३:४०, इतवारी बाजार, जिना, ठोका चुकला." रिपोर्टमध्ये नेमक्या त्याच मिनिटाला एक ठोका वेळेआधी पडलेला होता, त्याच्यामागे लांबलेला विसावा आणि मग एक जोरकस ठोका. चुकल्यासारखं वाटायचं ते त्या विसाव्यामुळे. डॉक्टरांनी वही आणि कागद शेजारी ठेवून काकूंना ती जागा बोटाने दाखवली.