सीपॅपचा मास्क: नाकावरचा, नाकपुड्यांतला, नाकाखालचा की तोंडभर?

झोपेत श्वास अडण्याच्या आजारात (स्लीप अ‍ॅप्निया) सीपॅप हे मशीन मास्कमधून दाबाची हवा देऊन घशातला रस्ता उघडा ठेवतं. झोपेची तपासणी म्हणजे स्लीप स्टडी झाली, प्रेशर ठरलं, मशीन कोणतं घ्यायचं तेही ठरलं, की दुकानदार तीन-चार मास्क टेबलावर मांडतो. मशीनसाठी महिनाभर विचारपूस करणारी माणसं मास्क मात्र पाच मिनिटांत उचलतात. मशीन उशाशी पडून असतं. रात्रभर चेहऱ्यावर असतो तो मास्क. म्हणून त्याला जास्त वेळ द्यायला हवा. सीपॅप (एकच ठरलेलं प्रेशर) आणि ऑटो सीपॅप (गरजेप्रमाणे प्रेशर बदलणारं) यांतला फरक, एएचआय (तासाला श्वास किती वेळा अडतो तो आकडा) म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढे जातो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मास्क मशीनच्याच कंपनीचा असावा लागत नाही. नळीच्या जोडणीचं २२ मिलिमीटरचं माप सगळीकडे सारखं आहे. अपवाद प्रवासाच्या छोट्या मशीनचा: रेसमेडच्या एअरमिनीला ठरावीक मास्क आणि ठरावीक जोडणीच लागते. मास्कचा प्रकार बदललात तर मशीनच्या सेटिंगमध्येही तो बदला. प्रत्येक मास्कच्या छिद्रांतून उच्छ्वास बाहेर जाण्याचं प्रमाण वेगळं असतं. मशीन ते गृहीत धरूनच गळती मोजतं.

प्रकार चार. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस (एअरफिट एफ२०, सिम्प्लस). फक्त नाक झाकणारा त्रिकोणी नेझल (एअरफिट एन२०, एसॉन २). नाकपुड्यांच्या तोंडाशी दोन मऊ बोंडं टेकवणारा पिलो (एअरफिट पी१०, ब्रेविडा). आणि नाकाच्या दांडीला न शिवता खालून नाक तोलून धरणारा क्रेडल (एअरफिट एन३० आणि एन३०आय, ड्रीमवेअर नेझल, एव्होरा नेझल).

फुल फेस: गरज असेल तरच

'मी तोंडाने श्वास घेतो' असं म्हटलं की समोर फुल फेस येतो. घाई करू नका. उपचार सुरू होण्यापूर्वी घशातला रस्ता बंद पडत असतो, म्हणून तोंड उघडतं. नाकातून नीट प्रेशर मिळू लागलं की अनेकांचं तोंड आपोआप मिटतं. घरी एक साधी चाचणी करा. आडवं पडून, ओठ मिटून पाच मिनिटं नुसत्या नाकाने शांतपणे श्वास घ्या. जमलं तर नाकाचा मास्क आधी वापरून बघायला हरकत नाही. नाकाचं हाड वाकडं असेल, मस्से असतील किंवा सर्दीने नाक कायम चोंदलेलं असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि मग मास्क ठरवा.

फुल फेसची अडचण त्याच्या आकारातच आहे. कड लांब, म्हणजे गळायला जागा जास्त. शिवाय पट्टे आवळले की खालची कड हनुवटीला मागे ढकलते. जबडा मागे गेला की जीभही मागे जाते आणि जो रस्ता उघडा ठेवायचा तोच अरुंद होतो. फुल फेसला नाकाच्या मास्कपेक्षा जास्त प्रेशर लागतं आणि झोपेतले अडथळेही काहीसे जास्त उरतात, असं या दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दिसलं आहे. ज्यांना स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही किंवा उलटीचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुल फेस लावू नये.

वीज जाण्याचा मुद्दा आपल्याकडे महत्त्वाचा आहे. रात्री वीज गेली आणि मशीनला इन्व्हर्टर नसला, तर नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळं असतं. माणूस तोंडाने श्वास घेतो आणि जागा होतो. फुल फेसमध्ये तोंडही झाकलेलं, म्हणून नळी मास्कला मिळते त्या वाकड्या जोडणीत (एल्बो) एक झडप असते. प्रेशर पडलं की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. धुताना या झडपेत लाळ किंवा क्षार साचून ती चिकटलेली नाही ना, हे दर वेळी बघा. फुल फेस लावणं भागच असेल, तर एअरफिट एफ३०आय किंवा एव्होरा फुलसारखा, नाकाच्या खालून बसणारा घ्या. कारण पुढे येतंच आहे.

नाकाच्या दांडीचं दुखणं

त्रिकोणी नेझल मास्क हा सगळ्यात जुना आणि खात्रीचा नमुना. प्रेशर १५ च्या (पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये; पुढचे प्रेशरचे आकडेही तसेच) पुढे गेलं तरी हवा नाकावर टोचत नाही. नाकपुड्यांना स्पर्श नाही. एरवी त्याच्याबद्दल तक्रार करावी असं फारसं काही नाही. अडतं ते एकाच जागी.

नाकाची दांडी म्हणजे पातळ कातडीखाली लगेच हाड. दोन्ही बाजूंना तीव्र उतार, आणि उतार संपतो तिथे डोळ्यांचे कोपरे. सिलिकॉनच्या कुशनला बसायला सगळ्यात अवघड जागा हीच. उताणं झोपेपर्यंत मास्क छान बसलेला असतो. कुशीवर वळलात की उशी त्याची एक बाजू ढकलते, दुसऱ्या बाजूची कड दांडीवरून जराशी उचलली जाते आणि हवेचा झोत सरळ डोळ्यात जातो. पापण्या मिटलेल्या असल्या तरी डोळा कोरडा पडतो. सकाळी डोळे लाल आणि चुरचुरणारे.

मग माणूस पट्टे आवळतो. इथून गाडं बिघडत जातं. कुशनला दोन पदर असतात: एक जाड, आधाराचा, दुसरा पातळ, कातडीला टेकणारा. पातळ पदर मशीनच्या हवेनेच फुगून चेहऱ्याला धरून राहतो. पट्टा फार आवळला की तो जाड पदरावर चेपतो, फुगायला जागा उरत नाही, त्याला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून गळती वाढते. गळती वाढली म्हणून आणखी आवळायचं. काही दिवसांत दांडीवर लाल वळ उठतो, मग कातडी सोलपटते, आणि त्या जखमेवर मास्क टेकवत नाही म्हणून उपचारच बंद.

हे टाळायची रीत अशी: आडवं व्हा, मशीन चालू करा, मास्क चेहऱ्यापासून दोन-तीन सेंटिमीटर पुढे ओढा, कुशन फुगू द्या आणि हलकेच परत टेकवा. झोत डोळ्यांकडे येत असेल तर वरचे पट्टे, ओठांकडे येत असेल तर खालचे. दोन्ही बाजू सारख्या ओढा. पट्ट्याखालून एक बोट सहज सरकायला हवं. एवढ्यावर अनेकांचं भागतं, हे मान्य. पण रात्रीतून आठ-दहा वेळा कूस बदलणाऱ्याने दर वेळी उठून हे करावं अशी अपेक्षा मला पटत नाही. माझ्यापुरता निर्णय या एका गोष्टीवर झाला. जो मास्क दांडीपर्यंत जातच नाही, त्याच्या झोताला डोळ्यांकडे जायची वाट राहत नाही. झोपण्यापूर्वी चष्मा लावून वाचायची सवय असेल, तर नाकाखालच्या मास्कमध्ये तीही टिकते.

पिलो की क्रेडल

दांडी सोडायची म्हटलं की हे दोनच उरतात, आणि दोन्ही चांगले आहेत. पिलो सगळ्यात हलका. चेहरा जवळजवळ मोकळा, त्यामुळे मास्कमध्ये जीव घुसमटणाऱ्यांना तो लवकर सवयीचा होतो. जाड मिशी असलेल्यांसाठी तर मी बेधडक पिलोच सुचवेन, कारण त्याची पकड नाकपुडीच्या कडेवर असते, ओठावर नसते. फक्त बोंडं आत खुपसायची नसतात. ती कडेवर टेकवायची असतात. लहान आकाराची बोंडं आत शिरतात आणि दोन-चार रात्रींत नाकपुडी आतून सोलते. दोन आकारांत अडकलात तर मोठा घ्या.

पिलोची मर्यादा प्रेशरची. हवा दोन अरुंद तोंडांतून थेट आत जाते. ८-१० पर्यंत हे जाणवत नाही. १२ च्या पुढे मात्र नाक आतून कोरडं पडून झोंबतं, असं मला वाटतं. काहींना १५ लाही काही होत नाही, हेही खरं. ह्युमिडिफायर (हवेत ओलावा मिसळणारी मशीनची टाकी) वाढवून फरक पडतो, पुरेसा पडेलच असं नाही. क्रेडलमध्ये तेवढंच प्रेशर रुंद तोंडातून येतं, म्हणून ते सौम्य लागतं.

क्रेडलचे दोषही सांगायला हवेत. त्याची खालची कड वरच्या ओठावर टेकते, त्यामुळे भरघोस मिशीत हवा गळते. मिशीची नाकालगतची तीन-चार मिलिमीटरची पट्टी बारीक केली की बहुधा भागतं. ते नको असेल तर पिलो घ्या. दुसरा दोष नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या खालच्या टोकावर येणारा दाब. तिथे दुखू लागलं की लोक पट्टा सैल करतात, पण खरं कारण बऱ्याचदा कुशनचा आकार असतो. नाक रुंद आणि बुटकं असेल तर मध्यम आकारापेक्षा रुंद आकार बसतो. एन३०आय आणि ड्रीमवेअर दोन्हींत असे रुंद आकार वेगळे मिळतात. मापाचा कागदी साचा घरी छापणार असाल तर शंभर टक्के आकारात छापा आणि त्यावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीशी ताडून बघा. छपाई जराशी लहान झाली की आकार एका पायरीने चुकतो.

क्रेडलमध्ये नळी कुठे जोडायची हाही प्रश्न आहे. एन३०आय आणि ड्रीमवेअरमध्ये ती डोक्यावर जोडली जाते आणि हवा गालांवरच्या पोकळ चौकटीतून खाली येते. कूस बदलणाऱ्यांना हे फार सोयीचं, कारण नळी अंगाखाली येत नाही. एका गालाखालची चौकट दबली तरी दुसऱ्या बाजूने हवा येत राहते. मात्र डोक्याला तेल लावून झोपायची सवय असेल तर चौकट मागे घसरते आणि कुशन वर ओढलं जाऊन सुटतं. अशांनी तेल सकाळी अंघोळीपूर्वी लावावं, किंवा एन३०सारखा पुढे नळी असलेला घ्यावा. अंबाडा किंवा जाड वेणी असेल तर मागचा पट्टा तिच्या खाली ठेवा.

दुकानात आणि घरी

दुकानात खुर्चीवर बसून ४ च्या प्रेशरला मास्क लावून बघण्यात अर्थ नाही. गळती निघते ती तुमच्या उपचाराच्या प्रेशरला, आडवं पडल्यावर, कुशीवर. निदान वीस मिनिटं तसं झोपून बघू द्या असं स्पष्ट सांगा, कारण डबा फोडलेला मास्क सहसा परत घेत नाहीत. काही मास्कच्या डब्यात तिन्ही आकारांची कुशन येतात. तसा डबा मिळत असेल तर तोच घ्या. घरी रेसमेडच्या एअरसेन्स १० वर चालू-बंदचं बटण तीन सेकंद दाबून ठेवलं की मास्क बसवण्यापुरतं प्रेशर वाढतं. ऑटो मशीन रात्री सुरुवातीला कमी प्रेशरवर असतं, त्यामुळे अकराला नीट वाटलेला मास्क पहाटे गळतो. ही चाचणी म्हणूनच हवी.

सकाळी गळतीचा आकडा बघा. रेसमेडच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरपर्यंतची गळती चालते. आकड्यापेक्षा आलेख जास्त सांगतो. एसडी कार्डावरची नोंद ऑस्कर या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडता येते. प्रेशरबरोबर गळती चढत गेली असेल तर कुशनची पकड कमी आहे. मध्येच टोकदार उंचवटे म्हणजे कूस बदलणं. एकदम वर जाऊन बराच वेळ सपाट राहणारी गळती दिसली आणि सकाळी तोंड कोरडंठाक असेल, तर तोंड उघडं राहतंय. त्यासाठी आधी नाक मोकळं करा, मग हनुवटीचा पट्टा, आणि शेवटी फुल फेस. तोंडाला चिकटपट्टी लावण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

कुशन रोज कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, कारण चेहऱ्याच्या तेलाने सिलिकॉन निसरडं होतं. उन्हात वाळवू नका, स्पिरिट किंवा जंतुनाशक लावू नका. रात्री क्रीम लावत असाल तर मास्क टेकतो ती जागा सोडा. अमेरिकेतल्या नातेवाइकांचं ऐकून दर पंधरा दिवसांनी कुशन बदलायची गरज नाही. तिथे मेडिकेअर ही सरकारी विमा योजना महिन्याला दोन नेझल कुशन देतं, इथे खर्च बहुधा खिशातून. पातळ पदर बोटाने दाबल्यावर झटकन परत येत नसेल, तो पिवळा किंवा चिकट झाला असेल, तेव्हा बदला. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत ह्युमिडिफायर एक-दोन पायऱ्या खाली आणून बघा. एसीची हवा नळीवर आली की आत पाणी धरतं आणि नाकात गुळगुळतं. तेव्हा नळी पांघरुणाखालून न्या. मास्कची छिद्रं मात्र पांघरुणाने कधीच झाकू नका.

पट्ट्यांच्या टोकांना चुंबकाच्या क्लिपा आहेत का, हे पैसे देण्यापूर्वी तपासा. २०२२ मध्ये फिलिप्सने आणि २०२३ मध्ये रेसमेडने अशा मास्कबद्दल इशारे काढले. पेसमेकर, मेंदूतली धातूची क्लिप, शंट (मेंदूतलं पाणी काढणारी नळी) किंवा कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर हे चुंबक त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर असायला हवं. शेजारी झोपणाऱ्याच्या शरीरात तसं काही असेल तरी हाच नियम लागू. फुल फेसमध्ये चुंबक बऱ्याचदा असतं, क्रेडल प्रकारात सहसा नसतं. तरीही डब्यावरचा मजकूर वाचा, आणि घरात कोणाला पेसमेकर असेल तर दुकानदाराला तसं सांगून विनाचुंबक क्लिपांचा मास्क मागा.