नेपोलियनच्या लढाया पटावर : कोणता युद्धखेळ घ्यावा?

नाशिकमध्ये महात्मा गांधी रोडवर किंवा कॉलेज रोडवर चौकशी केली, तर बुद्धिबळ, कॅरम, व्यापार आणि मुलांचे काही खेळ मिळतात. ऐतिहासिक युद्धखेळ मात्र बाहेरून मागवावा लागतो, तोही बहुधा परदेशातून, आणि पेटी मनासारखी निघाली नाही म्हणून ती परत पाठवणे व्यवहारात जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच गेल्या पावसाळ्यात नेपोलियनच्या लढायांवरचा खेळ निवडताना मी महिनाभर विचार केला आणि शेवटी ‘कमांड्स अँड कलर्स : नेपोलियनिक्स’ घेतला. तेव्हापासून गंगापूर रोडच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर भाच्याबरोबर त्याचे बरेच डाव झाले आहेत, त्यामुळे त्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल.

निवड करताना बहुतेक लोक नियम किती तपशीलवार आहेत, हे आधी पाहतात. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : हा खेळ आपल्याला कोणत्या सेनापतीच्या जागी बसवतो आणि त्याच्यापुढची कोणती अडचण आपल्यापुढे ठेवतो? त्या काळातली लढाई पायदळ, घोडदळ आणि तोफखाना या तिघांच्या मेळावर चालत असे. ज्या खेळात हा मेळ साधला नाही तरी फारसे बिघडत नाही, त्या खेळाच्या पेटीवर नेपोलियनचे चित्र असले तरी तो माझ्या उपयोगाचा नाही.

‘कमांड्स अँड कलर्स : नेपोलियनिक्स’ हा रिचर्ड बोर्ग यांनी रचलेला खेळ जीएमटी गेम्स या अमेरिकी प्रकाशनाने २०१० मध्ये आणला. पट षटकोनी घरांचा असून डावी बगल, मध्य आणि उजवी बगल अशा तीन भागांत विभागलेला आहे. प्रत्येकाच्या हातात हुकमाचे पत्ते असतात; टाकलेला पत्ता ज्या भागाचा, त्या भागातल्या तुकड्यांनाच हुकूम देता येतो. फौजा लाकडी ठोकळ्यांच्या आहेत, फ्रेंचांचे निळे आणि इंग्रजांचे लाल. पायदळाचे ठोकळे लहान, घोडदळाचे त्याहून मोठे आणि तोफांचे लांबट, त्यामुळे लांबूनही कोण कुठे उभे आहे ते कळते. प्रत्येक ठोकळ्यावर स्टिकर आपणच चिकटवायचे असतात. आम्हाला त्यासाठी दोन संध्याकाळी लागल्या, आणि जुलैच्या दमट हवेत कडा वर येऊ नयेत म्हणून प्रत्येक स्टिकर नखाने दाबून बसवावा लागला. हे काम घाईने करू नये.

फाशाच्या सहा बाजूंपैकी दोन बाजूंवर पायदळ, एकीवर घोडदळ, एकीवर तोफ, एकीवर निशाण आणि एकीवर तलवारी असतात. ज्या तुकडीवर मारा करायचा तिचे चिन्ह पडले की तिचा एक ठोकळा उचलायचा. पायदळाच्या तुकडीत जितके ठोकळे शिल्लक, तितकेच फासे तिला मिळतात, म्हणजे मार खाल्लेली पलटण खरोखरच दुबळी होत जाते. चालून येऊन गोळीबार केला तर फासे निम्मे होतात. इंग्रजांचे नेहमीचे पायदळ जागेवर उभे राहून गोळीबार करताना वरचढ असते, तर फ्रेंच पायदळ संगिनींनी भिडताना. एवढ्या दोन नियमांतून दोन्ही बाजूंची चाल वेगळी होते : इंग्रज टेकडी धरून थांबू पाहतो आणि फ्रेंचाला पुढे जावेच लागते.

या खेळातला सर्वांत उत्तम नियम चौकोनाचा आहे. त्या काळी घोडदळ अंगावर आले की पायदळ चारही बाजूंना संगिनी रोखून पोकळ चौकोन करत असे. घोडे त्या संगिनींवर जात नसत, पण असा दाटीने उभा असलेला जमाव तोफांना आयता सापडत असे. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला नेपोलियनचा सेनानी मार्शल ने याने पायदळाचा पुरेसा आधार न घेता घोडदळाच्या लाटांवर लाटा इंग्रजांच्या चौकोनांवर सोडल्या आणि ते चौकोन फुटले नाहीत. खेळात चौकोन करणाऱ्याच्या हातातला एक पत्ता काढून बाजूला ठेवला जातो, आणि शत्रूचे घोडदळ शेजारी असेपर्यंत तो परत मिळत नाही. घोडदळाला त्या चौकोनावर एकच फासा टाकता येतो, पण चौकोनातल्या पायदळालाही लढताना एकच फासा मिळतो.

याचा अर्थ मला तिसऱ्या की चौथ्या डावात कळला. भाचा इंग्रजांकडून खेळत होता. माझ्या घोडदळाच्या दोन तुकड्या त्याच्या मध्यावर आल्या तेव्हा त्याने विचारले, “मामा, चौकोन करू की नको?” मी उत्तर दिले नाही. त्याने दोन चौकोन केले आणि त्याच्या हातात तीनच पत्ते उरले, त्यातला एकही उजव्या बगलेचा नव्हता. मी घोडदळाने पुन्हा हल्ला केलाच नाही. ते नुसते शेजारी उभे ठेवले, मागून पायदळ आणि तोफ पुढे आणली आणि दोघांनी मिळून एक चौकोन पुसून टाकला, तोवर त्याची उजवी बगल हुकमाची वाट पाहत उभी होती. पुढच्या डावात त्याने हेच माझ्यावर उलटवले. इतक्या थोड्या नियमांत तिन्ही दळांचा मेळ इतका स्वच्छ दाखवणारा दुसरा खेळ मी पाहिलेला नाही.

दोष आहेत. पत्ते वाईट आले तर सगळी एक बगल गोठून राहते आणि काही डाव त्यातच हातचे जातात. धुरात आणि गोंधळात हुकूम वेळेवर पोहोचत नसत, म्हणून मला हे थोडेफार पटते, पण ज्यांना नशिबाचा भाग सहन होत नाही त्यांनी हा खेळ घेऊ नये. दुसरे असे की मूळ पेटीत फ्रेंच, इंग्रज आणि पोर्तुगीज एवढ्याच फौजा आहेत. वॉटर्लू आहे, पण प्रशियन ठोकळे नसल्यामुळे प्रशियन सेनापती ब्ल्यूखरची फौज पटावर दिसत नाही. ऑस्टरलिट्झ किंवा बोरोडिनोची लढाई खेळायची असेल, तर जोडपेट्या वेगळ्या घ्याव्या लागतात आणि त्या मूळ पेटीशिवाय चालत नाहीत.

ज्यांना ऑस्टरलिट्झच हवे आहे त्यांच्यासाठी बोवेन सिमन्स यांचा ‘नेपोलियन्स ट्रायम्फ’ हा २००७ चा खेळ अधिक योग्य ठरेल. त्यात फासेच नाहीत. ठोकळ्यांची तोंडे शत्रूपासून लपलेली असतात, म्हणून २ डिसेंबर १८०५ रोजी नेपोलियनने उजवी बगल कच्ची भासवून जो डाव टाकला, तसा डाव माणसाला स्वतः रचावा लागतो. खेळ म्हणून तो मला याहून खोल वाटतो, पण त्यासाठी तितकाच मुरलेला जोडीदार हवा. कोलंबिया गेम्सचा ‘नेपोलियन’ वॉटर्लूची संपूर्ण मोहीम दाखवतो, त्यात फौजा रस्त्यांवरून हलवणे हेच मुख्य. वॉटर्लूवरचाच ‘डब्ल्यू १८१५’ हा छोटा खेळ अर्ध्या तासात उरकतो, त्यामुळे कामाच्या दिवशीही खेळता येतो.

आपल्याकडच्या वाचकाला यात आणखी एक धागा सापडेल. मूळ पेटीत रोलिसाची लढाई आहे, १७ ऑगस्ट १८०८ ची, पोर्तुगालमधली. तिथला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन, त्याच्या पाचच वर्षे आधी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे आणि भोसले यांच्या फौजेशी लढला होता आणि शिंद्यांच्या तोफांनी त्याच्या पलटणींचे मोठे नुकसान केले होते. पटावर त्याचे लाल ठोकळे मांडताना मला ही आठवण प्रत्येक वेळी होते, आणि देवळालीच्या बाजूने सरावाच्या तोफांचा दबका आवाज आला तर जरा जास्तच.

मागवणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. पेटी दारात येते तेव्हा सीमाशुल्क वेगळे मागितले जाऊ शकते, ते आधीच धरून चाला. माझी पेटी एका कुरिअर सेवेने कोपरा चेपून आणून दिली. आतले ठोकळे शाबूत होते, तरी पेटी आणणाऱ्यासमोरच उघडून फोटो काढून ठेवावा. आणि पहिला डाव वॉटर्लूचा मांडू नका. रोलिसापासून सुरुवात करा, दोन्ही बाजूंनी एकेकदा खेळा, आणि चौकोनाचा नियम वाचून दाखवल्याशिवाय घोडदळाला हात लावू देऊ नका.